दिल्लीच्या परसातील आंबा : विकृत मोहोर, गुजिया आणि घराशेजारच्या फळझाडांचे संरक्षण

मार्च महिन्यात दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबाद किंवा गुरुग्राम येथील जुन्या वसाहतींत घरांच्या कुंपणाआडची आंब्याची झाडे मोहोराने लगडलेली दिसतात. त्यांतील कित्येक झाडांवर जूनमध्ये फळ मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरते. बारकाईने पाहिल्यास फांद्यांच्या टोकांना नेहमीचा सैल, तुऱ्यासारखा मोहोर नसून जाड दांड्यांचे, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे घट्ट झुबके आढळतात. निरोगी मोहोर गळून गेल्यावरही हे झुबके हिरवे राहतात, पुढे काळे पडून सुकतात आणि पुढील हंगामापर्यंत फांदीवर लोंबत राहतात. मराठी घरात अशा झाडाला ‘माजले’ म्हणून मोकळे होतात. उत्तरेकडील बागायतदार त्याला ‘गुम्मा’ किंवा ‘गुच्छा रोग’ म्हणतात. झाड माजलेले नसते, ते आजारी असते. आणि कुंपणाआडचे एक आजारी झाड ही केवळ त्या घराची अडचण राहत नाही.

परसातील फळझाडांचे पीक संरक्षण हा विषय विस्तार कार्यात सहसा दुय्यम मानला जातो. बागायतदाराच्या दहा एकरांपुढे एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या दोन झाडांची तक्रार किरकोळ वाटते. कीड आणि रोग मात्र सातबारा पाहून येत नाहीत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात शहर आणि बागा एकमेकांत मिसळल्या आहेत. आपल्याच नावाच्या छोट्या, सुवासिक आंब्यासाठी प्रसिद्ध असलेले रटौल हे गाव याच क्षेत्रातील बागपत जिल्ह्यात आहे. शहरातील दुर्लक्षित झाड, रोपवाटिकेतील मातृवृक्ष आणि बागेतील कलम यांच्यात फार मोठे अंतर उरलेले नाही.

शंभराहून अधिक वर्षांचे कोडे

विकृत मोहोराची पहिली नोंद १८९१ मधील असून ती बिहारमधील दरभंगा येथील आहे. पुढे १९०५ मध्ये त्याच दरभंगा जिल्ह्यातील पुसा या गावी कृषी संशोधन संस्था स्थापन झाली, १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती गावाचे नाव सोबत घेऊन दिल्लीला आली. आजची भारतीय कृषी अनुसंधान संस्था ती हीच. ज्या मुलखात रोगाची पहिली नोंद झाली त्याच मुलखातून आलेल्या संस्थेने पुढे त्याच्या कारणाचा छडा लावण्यात मोठा वाटा उचलला, हा योगायोग मोठा रंजक आहे. पुण्यातही हा विषय अपरिचित नव्हता, डब्ल्यू. बर्न्स यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९१० मध्येच या विकृतीवर लिहिले होते.

कारण मात्र अनेक दशके सापडत नव्हते. कोणी सूक्ष्म कोळीला दोष दिला, कोणी विषाणूला, कोणी अन्नद्रव्यांच्या कमतरतेला, तर कोणी झाडातील संजीवकांच्या असमतोलाला. यांपैकी प्रत्येक मताला काही ना काही आधार होता. म्हणूनच वाद लांबला. १९६६ मध्ये दिल्लीच्या संस्थेतील सुम्मनवार, रायचौधुरी आणि फाटक या संशोधकांनी विकृत मोहोराशी फ्युजेरियम मोनिलिफॉर्मे या बुरशीचा संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतरही शंका घेणारे होतेच. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ओळखखूण दिलेली बुरशी आंब्याच्या कळ्यांवर सोडून तीच विकृती निर्माण करून दाखवली. २००२ मध्ये या बुरशीला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आणि तिचे नाव फ्युजेरियम मॅंगिफेरी असे ठेवले गेले. कोळीची भूमिकाही स्पष्ट झाली. आंब्याच्या कळीतील सूक्ष्म कोळी स्वतः विकृती घडवत नाही, पण बुरशीचे बीजाणू अंगावर वाहून कळीच्या आत पोचवण्यास मदत करतो.

या इतिहासाचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. ‘संजीवके बिघडली’ असे मानणारा माणूस केवळ फवारणी करील. ‘खत कमी पडले’ असे मानणारा खत ओतत राहील. रोग बुरशीजन्य असून ती प्रामुख्याने कळ्यांत आणि विकृत भागात वस्ती करते, झाडभर रसवाहिन्यांतून फिरत नाही, हे एकदा उमजले की उपाय हातात येतो. रोगट भाग कापून काढता येतो आणि झाड वाचते. झाडच तोडून टाकण्याचा सल्ला देणारे अनेकदा भेटतात. तो सल्ला अनावश्यक आहे. शिवाय दिल्लीत १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या आवारातील का असेना. मोठ्या फांद्यांना हात लावण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्यांकडून नियमांची खातरजमा करून घ्यावी.

कात्री, पिशवी आणि खड्डा

विकृतीची दोन रूपे आहेत. लहान रोपांवर व कोवळ्या कलमांवर शेंड्याला आखूड, जाडसर फुटव्यांचा आणि खुज्या पानांचा झुबका तयार होतो. ही शाकीय विकृती होय. फळधारणेच्या वयातील झाडांवर मोहोराची विकृती येते. विकृत मोहोरात नरफुलांचे प्रमाण वाढते आणि फळधारणा जवळजवळ होत नाही. उत्तरेकडील बहुतेक लोकप्रिय वाण या रोगाला बळी पडतात. दशेरी, चौसा आणि बॉम्बे ग्रीन यांवर तो प्रकर्षाने आढळतो. दिल्लीच्या संस्थेत दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून निर्माण झालेला व लहान आवारात सहज मावणारा आम्रपाली हा वाणही अपवाद नाही. भदौरण या जुन्या वाणाला मात्र ही विकृती होत नसल्याच्या नोंदी आहेत. पैदासकारांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे.

रोगट मोहोर दिसताच तो खालील पंधरा ते वीस सेंटिमीटर निरोगी फांदीसह कापावा. नुसता झुबका खुडून उपयोग होत नाही, कारण बुरशी खालच्या पेरातील डोळ्यांतही असू शकते. काळे पडलेले जुने झुबके झाडावर ठेवू नयेत. ते सुकल्यावर त्यांतील बीजाणू वाऱ्याबरोबर जवळच्या नव्या डोळ्यांवर जाऊन बसतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे वळताना कात्रीची पाती स्पिरिटने पुसून घ्यावीत. अंगठ्याहून जाड छेदावर बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती कामासाठी शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे थोड्या पाण्यात विरघळवून, एकत्र करून, एकूण एक लिटर पेस्ट पुरते. त्यासाठी प्लॅस्टिकचे किंवा मातीचे भांडे घ्यावे, लोखंडाचे नको.

यापुढची पायरी दिल्लीत अडखळते. रोगट भाग जाळून टाकावेत, असे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते. दिल्लीत पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ पासून बंदी घातली असून त्यासाठी पाच हजार रुपयांच्या दंडाची तरतूद केली आहे. हिवाळ्यातील तेथील हवा पाहता ही बंदी रास्तच म्हणावी लागेल. त्यामुळे कापलेले झुबके लगेच जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून कडक उन्हात काही आठवडे ठेवावेत आणि नंतर दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात पुरावेत. ते पालिकेच्या उघड्या कचराकुंडीत टाकणे किंवा आवारातील कंपोस्टच्या ढिगावर फेकणे टाळावे. विस्तार कार्यकर्त्यांनी ‘जाळून नष्ट करावे’ हे जुने वाक्य शहरी श्रोत्यांपुढे जसेच्या तसे म्हणू नये.

छाटणी एका वर्षाची नाही. ती सलग दोन-तीन वर्षे नेटाने करावी लागते. पहिल्या वर्षी झाड उघडेबोडके दिसते, घरातील मंडळी कुरकुर करतात आणि दुसऱ्या वर्षी काम सुटते. रोग टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

छाटणीला जोड म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नॅफ्थिल ॲसेटिक ॲसिड या संजीवकाची २०० पीपीएम तीव्रतेची फवारणी करण्याची शिफारस उत्तर भारतात रूढ आहे. बाजारात मिळणाऱ्या साडेचार टक्क्यांच्या द्रावणाचे हे प्रमाण लिटरला सुमारे साडेचार मिलिलिटर पडते. थंडीत, म्हणजे जानेवारीत, लवकर निघालेला मोहोर कळी अवस्थेतच खुडणे हाही परिणामकारक उपाय आहे. लवकर आलेल्या मोहोरात विकृतीचे प्रमाण जास्त असते. तो काढल्यावर काही आठवड्यांनी, हवा तापू लागल्यावर येणारा दुसरा मोहोर बहुधा निरोगी निघतो. दोन मजली घराएवढ्या जुन्या झाडावर यांपैकी काहीही पूर्णपणे करणे कठीण असते, हे मान्य केले पाहिजे. तेथे हाताला लागेल तेवढ्या उंचीवर तरी छाटणी नियमित व्हावी आणि त्या झाडाच्या डोळकाड्या कलमासाठी कोणालाही देऊ नयेत.

महाराष्ट्राच्या वाचकासाठी याच वाक्यात खरी मेख आहे. कोकण व मराठवाड्यात हा रोग उत्तरेच्या मानाने सौम्य आहे. मात्र घन लागवडीसाठी आम्रपाली, तसेच मल्लिका, दशेरी, लंगडा यांची कलमे उत्तरेकडून मागवली जातात. रोग दूरवर जातो तो वाऱ्याने नव्हे, तर कलमांतून. ऑस्ट्रेलियासारख्या काटेकोर वनस्पती संगरोध असलेल्या देशातही २००७ मध्ये डार्विन परिसरात तो आढळला. दिल्लीतील नातेवाइकाच्या परसातील ‘फार गोड’ आंब्याच्या चार डोळकाड्या पिशवीत घालून आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्या झाडावर मागच्या दोन मोहोरांत झुबके होते की नाही, हे आधी विचारावे. कलमे विकत घेताना शेंड्याचा झुबका असलेले एकही रोप त्या खेपेत आढळले, तर ते एक रोप बाजूला काढून भागत नाही. ती खेपच नाकारावी.

भिंतीवरून घरात येणारी कीड

विकृत मोहोर उत्पन्न बुडवतो, पण शहरी माणसाला फवारणीचा पंप हातात घ्यायला लावते ती दुसरीच कीड. आंब्यावरील मोठा पिठ्या ढेकूण, म्हणजे ड्रॉसिका मॅंगिफेरी. उत्तरेत त्याला ‘गुजिया’ म्हणतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांच्या पांढऱ्या, मेणचट रांगा खोडावर, फांद्यांवर, कुंपणाच्या भिंतीवर आणि प्रसंगी खिडकीच्या चौकटीवरही दिसू लागतात. ते कोवळ्या फांद्या व मोहोरातील रस शोषतात, मोहोर सुकतो, बारीक फळे गळतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी वाढते आणि झाडाखाली उभी केलेली मोटारही चिकट होते. एरवी झाडाकडे न पाहणारा घरमालक तेव्हाच जागा होतो. उपाय करण्याची वेळ तोवर दोन महिने मागे पडलेली असते.

या किडीचा जीवनक्रम समजला की तिच्यावर मात करणे सोपे आहे. वर्षात तिची एकच पिढी होते. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण वाढलेल्या, बिनपंखी माद्या खोडावरून खाली उतरतात आणि बुंध्याजवळच्या मातीत, पालापाचोळ्याखाली व भेगांत कापसासारख्या पिशव्यांत प्रत्येकी तीन-चारशेपर्यंत अंडी घालून मरतात. ही अंडी उन्हाळा, पावसाळा आणि शरद ऋतू मातीतच काढतात. डिसेंबरच्या अखेरीपासून पिले बाहेर पडून खोडावर चढू लागतात. त्यांना उडता येत नाही. वर जाण्याचा रस्ता एकच, खोड. तो बंद केला की काम झाले.

त्यासाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत, पिले निघण्याआधी, जमिनीपासून सुमारे एक-दीड फूट उंचीवर खोडाभोवती पंचवीस ते तीस सेंटिमीटर रुंदीची ४०० गेजची प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी. आधी खोडावरील खाचा व भेगा चिखलाने लिंपून सपाट कराव्यात, नाहीतर पिले पट्टीखालच्या फटीतून सहज वर जातात. पट्टीच्या दोन्ही कडा सुतळीने आवळून खालच्या कडेला ग्रीस लावावे. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पिलांचे पाय टिकत नाहीत आणि ती पट्टीखाली गोळा होतात. तेथून त्यांना दर दोन-तीन दिवसांनी जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्याच्या बादलीत झाडून टाकावे. एका झाडासाठी एवढे पुरते. खर्च नाममात्र आहे.

पट्टी अपयशी ठरल्याच्या तक्रारी बऱ्याच येतात. बहुतेक वेळा त्यात पट्टीचा दोष नसतो. झाडाची एखादी खालची फांदी कुंपणाला टेकलेली असते, वेल खोडावर चढवलेला असतो, कपडे वाळवण्याची दोरी झाडाला बांधलेली असते किंवा खोडाला टेकून बांबू उभा असतो. पिलांना एवढा पूल पुष्कळ झाला. पट्टी बांधण्याआधी असे सर्व पूल काढावेत. जानेवारीत धूळ व कचरा बसून ग्रीस कोरडे पडते. ते पुन्हा लावावे. मेअखेर पट्टी सोडून घ्यावी, कारण वर्षभर आवळलेली सुतळी सालीत रुतते.

मातीतील अंड्यांचा बंदोबस्त हा या कामाचा दुसरा भाग. मे-जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर बुंध्याभोवतीची माती उकरून उलटी केल्यास अंडी ऊन, मुंग्या आणि पक्ष्यांच्या तावडीत सापडतात. डिसेंबरमध्ये आळ्यातील मातीत निंबोळी पेंड किंवा बिव्हेरिया बॅसियाना या मित्रबुरशीचे द्रावण द्यावे. शहरात मात्र बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट घालण्याची पद्धत पडली आहे. अशा ठिकाणी माती उकरता येत नाही आणि फरशीच्या सांध्यांत अंडी सुरक्षित राहतात. बुंध्याभोवती किमान तीन-चार फुटांचे मातीचे आळे मोकळे करणे ही या झाडांची पहिली गरज आहे. पाणी मुरण्यासाठी आणि मुळांच्या श्वसनासाठीही तेच हवे असते. मे महिन्यात उतरणाऱ्या माद्या वेचून मारणे हे काम कंटाळवाणे असले तरी एक मादी म्हणजे पुढील वर्षाची तीन-चारशे पिले, हे गणित ध्यानात ठेवावे.

काळे टोक : जंतूविना रोग

दिल्लीच्या वेशीवरील गावांत आंब्याचे फळ टोकाकडून पिवळे, मग तपकिरी आणि शेवटी काळे पडून कडक होते. फळमाशी नसते, बुरशीही नसते. ही ‘काळे टोक’ नावाची विकृती वीटभट्ट्यांच्या धुरातील वायूंमुळे येते. वाऱ्याची दिशा लक्षात घेऊन भट्टी बागेच्या पूर्व-पश्चिमेस किमान १.६ किलोमीटर आणि दक्षिण-उत्तरेस ०.८ किलोमीटर दूर असावी, असा जुना संकेत आहे. परसात झाड असणाऱ्याच्या हाती भट्टी हलवणे नसते. त्याने सहा ग्रॅम बोरॅक्स प्रति लिटर पाण्यात मिसळून मोहोरापूर्वी, मोहोराच्या काळात आणि फळे धरल्यावर अशा तीन फवारण्या कराव्यात. या विकृतीवर बुरशीनाशके फवारणारे अनेक जण आहेत. ते पैसे वाया जातात.

तुडतुडे आणि भुरी यांचे व्यवस्थापन महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. फरक फक्त वेळेचा. कोकणात मोहोराची लगबग नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होते. दिल्लीत फेब्रुवारी उजाडावा लागतो, आणि भुरीचा जोर मार्चमध्ये दिसतो. पाण्यात मिसळणारे गंधक दोन ग्रॅम प्रति लिटर पुरते, पण ऊन तापू लागल्यावर गंधकाने कोवळा मोहोर करपतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. पूर्ण उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारू नये. परागीभवन करणाऱ्या माश्या मेल्यावर फळधारणा कोण करणार?

पेरू, लिंबू आणि कढीपत्ता

दिल्लीच्या परसातील दुसरे आवडते झाड पेरूचे. तेथे अलाहाबाद सफेदा आणि सरदार हे वाण सर्वत्र दिसतात. सरदार म्हणजेच लखनौ-४९, ही पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी केलेली निवड आहे. नाव लखनौचे आणि निवड पुण्याची, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पेरूला पावसाळी आणि हिवाळी असे दोन बहार येतात. पावसाळी बहाराची फळे पांचट असतात आणि फळमाशीच्या अळ्यांनी भरलेली निघतात; हिवाळी फळ गोड आणि बहुधा निर्दोष असते. म्हणून दोन झाडे असलेल्या माणसाने पावसाळी बहाराचा नाद सोडणेच उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून आणि आलेली फुले हाताने खुडून झाडाला विश्रांती दिली की पावसाबरोबर नवी फूट येते आणि फळे थंडीत मिळतात. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी वापरावा लागणारा अर्धा खर्च या एका कृतीने वाचतो.

पावसाळी फळे ठेवायचीच असतील तर ती लिंबाएवढी असताना कागदी किंवा विणविरहित कापडी पिशवीत बांधावीत. मिथाइल युजेनॉलचा सापळा उपयोगी आहे, पण त्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. या सापळ्यात केवळ नर येतात. अंडी घालणारी मादी शेजारच्या आवारातून येऊ शकते. एका घरात एक सापळा टांगून विशेष फरक पडत नाही. गल्लीतील वीस घरांनी एकाच वेळी टांगले तर पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर काम करतो आणि कोकणातील बागायतदारांना सामूहिक वापराचे महत्त्व चांगले ठाऊक आहे. शहरी वसाहतींत रहिवासी संघ अस्तित्वात असतात. त्यांच्या सभेत वाहनतळाच्या भांडणांबरोबर हा विषयही मांडता येईल. गळालेली फळे रोज वेचून बंद पिशवीत उन्हात ठेवावीत, कारण अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषात जातात. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला लावलेली जांभळाची झाडे शहराचे वैभव आहे, मात्र जांभळातही फळमाशी वाढते आणि पदपथावरील सडा कोणी वेचत नाही.

जुन्या पेरूच्या आणि बोरीच्या खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात, भुशाचे व विष्ठेचे जाळीदार पट्टे दिसले तर ती साल खाणारी अळी समजावी. ती दिवसा छिद्रात लपते आणि रात्री साल कुरतडते. पट्टे ब्रशने साफ करून छिद्रात तार घालावी, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा बसवावा आणि तोंड चिखलाने लिंपावे.

लिंबावरील खैऱ्या रोगासाठी पावसाळ्यापूर्वी रोगट काड्या छाटून कॉपर ऑक्सिक्लोराईड तीन ग्रॅम प्रति लिटर फवारावे. लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे दुर्लक्षित राहतात. त्या हाताने वेचणे हाच घरगुती झाडावरचा पुरेसा उपाय. दिल्लीतील मराठी व दाक्षिणात्य घरांत लिंबाशेजारी कढीपत्ता हमखास असतो. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोगाचा प्रसार करणारी सायला ही कीड कढीपत्त्यावरही वाढते. दोन्ही झाडांची कोवळी फूट एकत्रच तपासावी, आणि कढीपत्ता रोज ताटात येतो याचे भान ठेवून त्यावर निंबोळी अर्कापलीकडे काही मारू नये.

पंप कोणाच्या हातात?

परसातील झाड स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार-पाच फुटांवर असते. त्याखाली मुले खेळतात, पाण्याची टाकी असते, शेजाऱ्याचे कपडे वाळत असतात. शेतासाठी लिहिलेली फवारणीची शिफारस येथे तशीच लागू करता येत नाही. शहरात फवारणी बहुधा मालक करीत नाही. महिन्यातून चार-दोन वेळा येणारा माळी करतो. त्याच्या अंगावर संरक्षक कपडे नसतात, हातमोजे नसतात, औषधाची बाटली अनेकदा बिनलेबलची असते आणि मात्रा टोपणाने मोजली जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. महानगरातील माळ्याच्या बाबतीत तोच धोका एकेका घरात विखुरलेला असतो, म्हणून तो बातमीत येत नाही.

कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार प्रत्येक औषधाच्या लेबलावर ते कोणत्या पिकासाठी व किडीसाठी मान्य आहे, हे नमूद असते. फवारणी आणि फळतोडणी यांमधील प्रतीक्षा कालावधीही तेथेच असतो. ज्या फळझाडाचे नाव लेबलावर नाही त्यावर ते औषध मारू नये. घराशेजारील झाडावर क्रम असा असावा : आधी छाटणी, वेचणी, पट्टी व पिशवी, मग निंबोळी अर्क, साबणाचे पाणी, गंधक व ताम्रयुक्त औषधे, आणि रासायनिक कीटकनाशक फक्त तेव्हाच, जेव्हा रोगनिदान तज्ज्ञाने केले असेल आणि फवारणाऱ्याला मुखपट्टी व हातमोजे पुरवले असतील. मालकाने ते विकत आणून द्यावेत. माळ्याने आणावेत अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही.

निदानासाठी दिल्लीत पुसा येथील कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्र, तसेच उजवा आणि गुरुग्राममधील शिकोहपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे जाता येते. महाराष्ट्रात जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ आहेच. नमुना नेताना काही पथ्ये पाळावीत. विकृत मोहोर उघडा नेऊ नये. कागदात गुंडाळून, मग बंद पिशवीत ठेवावा. फळमाशीचे फळ पातळ कापडाने बांधलेल्या डब्यात न्यावे, म्हणजे निघालेली माशी निसटत नाही. पिठ्या ढेकणाची दोन-चार पिले छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये पुरेशी होतात. सोबत संपूर्ण झाडाचे, बुंध्याभोवतालच्या जागेचे आणि रोगट भागाचे जवळून घेतलेले छायाचित्र, झाडाचे वय, वाण आणि मागील सहा महिन्यांत कोणते औषध कधी मारले याची चिठ्ठी असावी. औषधाचे नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली टोपण घट्ट लावून, बंद पिशवीतून न्यावी.